सीलबंद तपकीर

मैलापूर, मद्रास
८ नोव्हेंबर १९६६

चि. विमला हिला अप्पाजीमामाचे आशीर्वाद. यावेळचे आशीर्वाद वादळातून वाचलेले आहेत, तेव्हा जपून घे.

गेल्या गुरुवारी इथे काय झालं ते तू वाचलं असशील. तुमच्या मुंबईच्या पत्रांनी मद्रासला चार ओळी दिल्या असतील. तेवढीच आमची लायकी. समुद्राने जहाजं उचलून मरीनाच्या वाळूत आणून ठेवली आणि अर्धं मैलापूर डब्यात दहीभात घेऊन ती बघायला निघालं. घरावरची कौलं उडाली त्याचं कुणाला काही नाही. फुकटचा तमाशा चुकता कामा नये!

आमच्या इस्पितळात कूवमचं पाणी शिरलं. रेडियमची तिजोरी तळघरात आहे, हे तुला ठाऊकच. नदीकाठच्या इमारतीत ती तळघरात ठेवायची अक्कल कुणाची ते विचारू नकोस, त्यांचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात आहे. दुपारी तीनला दिवे गेले. डॉक्टर मंडळी आपापल्या घरी वादळाच्या काळजीत मग्न होती. उरलो मी, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला हेडक्लार्क, आणि रेडियम वॉर्डातली आया राजसबाई. मी हजेरीपुस्तकं, शिक्के आणि आवक-जावकची रजिस्टरं पिशव्यांत भरली. निघणार तोच ही बाई कमरेएवढ्या पाण्यातून आली आणि एक तपकिरीची डबी माझ्या हातात कोंबून काहीतरी बडबडली. मी ऐकत बसलो नाही. आयांचं ऐकायला लागलो तर कचेरी कधी चालायची?

शनिवारी पाणी ओसरलं. तिजोरी उघडली तर रेडियमची एक सुई कमी. चार नंबरच्या खाटेवरच्या बाईच्या गालात, कॅन्सरवर उपाय म्हणून, खोचलेली होती, गुरुवारी संध्याकाळी काढायची होती. ती काढली राजसबाईने, आणि सुई गेली कुठे ते तिलाच ठाऊक. सुईवर प्लॅटिनमचं वेष्टण असतं. बाईला वीस वर्षांच्या नोकरीत तेवढी अक्कल नक्की आली असणार. मी रिपोर्ट लिहिला, साहेबांनी सही केली, ती कालपासून निलंबित आहे.

बाकी क्षेम. सरोजाला आठवा लागला, दिवाळीला बाळंतपणासाठी माहेरी येते आहे. तुझे ते फिल्मचे बिल्ले सुरक्षित आहेत. मुंबईच्या चाकरीला आमच्याकडून नेहमीप्रमाणे कोऱ्या फिल्मच मिळतील.

तुझा मामा,
अप्पाजी


तुर्भे, मुंबई
१५ नोव्हेंबर १९६६

ती. मामांस विमलाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही रजिस्टरं वाचवलीत हे वाचून भरून आलं. सुई हरवली तर हरवली, आवक-जावक कोरडी आहे ना!

मामा, थट्टा पुरे. त्या सुईतलं रेडियम विझत नाही, पाण्याने धुतलं जात नाही. ती जिथे पडली असेल तिथे दिवसरात्र जवळच्या माणसाला भाजत राहणार, आणि भाजलेल्याला पत्ताही लागणार नाही. कुणी शोधतं आहे का? कशाने? सोन्याच्या पानाचं साधं यंत्र, रेडियमजवळ नेलं की ज्याचं पान मिटतं, कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतं, ते घेऊन इस्पितळभर हिंडलं तरी अर्ध्या दिवसात छडा लागतो. का तुमच्या साहेबांनी शोधासाठी एक समिती नेमून टाकली? माझा अंदाज समितीचाच आहे.

आणि राजसबाई काय सांगतात ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आरोप तुमचा, रिपोर्ट तुमचा, मग त्यांचं म्हणणं कुठल्या रजिस्टरात आहे?

आणखी एक. पाच वर्षं मी इथे फिल्मचे बिल्ले वाचते. रेडियम हाताळणाऱ्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला महिन्याभरात थोडा तरी काळवंडतो. तुमच्या इस्पितळाचे दहाच्या दहा बिल्ले तीन वर्षं कोरे येतात. आमच्या विभागात त्यावर हसतात. ते पाठवणारे माझे मामा आहेत हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. या महिन्याचे बिल्ले महिनाअखेरीची वाट न बघता लगेच पाठवा. सुईच्या जवळपास कोण होतं ते त्यावरून कळेल.

सरोजाला आणि मामींना नमस्कार.

विमला


मैलापूर
२१ नोव्हेंबर १९६६

चि. विमला, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुर्भ्याच्या अणुकेंद्रात नोकरी लागली की मामाला शहाणपण शिकवायचा परवाना मिळतो, हे ठाऊक नव्हतं. समिती नेमली आहे, तुझा अंदाज बरोबर. १० डिसेंबरला बसेल. तोवर झाडूवाल्यांनी तळघरातला चिखल चाळला. त्यात दोन चमचे आणि कुणाचा तरी दात सापडला.

तुला राजसबाईचं म्हणणं हवं आहे ना, ऐक. म्हणते, सुई मी अप्पाजीरावांच्या हातात दिली! डॉक्टर नव्हते, तिजोरी पाण्याखाली, शिशाचं भांडं पाण्याखाली, म्हणून रिकाम्या तपकिरीच्या डबीत घातली आणि तिजोरीत ठेवा म्हणून दिली. ऐकलंस? साहेबांसमोर मान वर करून हे सांगितलं. बोटं बघितलीस तर कातडी तडकलेली, नखं मोडकी, कधी स्वच्छतेचा संस्कारच नाही, आणि जीभ मात्र धारदार. मी तिला तिथेच विचारलं, कामावर असताना तपकीर ओढायला परवानगी आहे का?

ती डबी माझ्याकडे आहे. मी ती उघडली नाही, कारण मी कायदा जाणतो. त्याच दिवशी कापडात गुंडाळून लाखेने चार सीलं मारली, वर तारीख आणि सही. कामावर तपकीर ओढल्याचा हा पुरावा आहे, तो समितीपुढेच फुटेल. आता घरात कुलपाचं कपाट एकच, ते देव्हाऱ्याचं. तुझी मामी कुरकुरली, तपकीर देवापुढे कशी ठेवता म्हणून. मी तिला समजावलं की सील मारल्यावर वस्तू कचेरीची झाली, तिला सोवळंओवळं लागत नाही. बायकांना एवढं साधं कळत नाही.

बिल्ले कोरे का येतात ते आता सांगूनच टाकतो, म्हणजे तुमच्या विभागाचं हसू थांबेल. ते मी कुणाला लावू देत नाही. घामाने, हळदीने, मुलांच्या हातांनी खराब करतात आणि मग वरून विचारणा येते. मी महिनाभर ते देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पाठीमागे ओळीने उभे ठेवतो आणि एक तारखेला पाठवतो. शिस्त म्हणतात ती हीच. याच पाकिटात दहाही पाठवतो आहे.

सरोजा आली. हवेशीर म्हणून तिची खाट देव्हाऱ्याच्या कपाटाशीच टाकली आहे. उशाशी देव, आणखी काय पाहिजे!

अप्पाजी


तार
मुंबई, २५ नोव्हेंबर १९६६

अप्पाजी, मैलापूर, मद्रास. डबीत सुई आहे. सरोजाला त्या घरातून ताबडतोब हलवा. डबीला हात लावू नका. विमला.


तुर्भे, मुंबई
२५ नोव्हेंबर १९६६

ती. मामींस विमलाचा नमस्कार.

मामांना तार केली आहे. आमच्या साहेबांनी इस्पितळालाही केली. पण मामांना मी लहानपणापासून ओळखते, आणि इस्पितळाचं टपाल कोण उघडतं तेही मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नावाने. त्यांना न विचारता वाचा.

सकाळी पाकीट आलं. मामांचं पत्र वाचतावाचता मी उठून बिल्ले धुवायला दिले. प्रत्येक बिल्ल्यात दोन फिल्म असतात, एक चटकन काळी होणारी आणि एक दमाने. पहिल्या दहाही ठार काळ्या निघाल्या. दुसऱ्या बघायला घेतल्या, तर मधल्या दोन बिल्ल्यांवर काळ्यात फिकट सावली होती. रांगणारा गुडघा आणि लोण्याचा गोळा धरलेला उचललेला हात. मामी, तो आपला बाळकृष्ण आहे. मी त्याला किती वेळा न्हाऊ घातलं आहे! पुढे ती डबी, मध्ये भरीव पितळेचा देव, मागे बिल्ले. देवाने अंगावर घेतलं तेवढंच फिकट राहिलं. सरोजाच्या आणि डबीच्या मध्ये मात्र कपाटाची एक लाकडी फळी आहे, आणि लाकडाने काही अडत नाही.

हे पत्र वाचून संपलं की सरोजाला शेजारी न्या. तुम्हीही त्या खोलीत थांबू नका. डबी हाताने उचलायची नाही, उघडायची नाही, विहिरीत टाकायची नाही. राजसबाईंना बोलवा. मामांच्या सगळ्या इस्पितळात रेडियम कसं हाताळायचं ते ठाऊक असलेलं एकच माणूस आहे, आणि त्यालाच यांनी घरी बसवलं आहे.

त्या बाईंच्या बोटांना जे झालं आहे ते अस्वच्छतेने नाही. वीस वर्षं रेडियम हाताळून ती तशी झाली आहेत. बिल्ला छातीवर असता तर तीन वर्षांपूर्वीच आम्ही त्यांना त्या कामावरून हलवायला लावलं असतं. मामांनी तो देवामागे ठेवला आणि त्याला शिस्त म्हटलं. मला त्यांची लाज वाटते.

विमला


मैलापूर
२६ नोव्हेंबर १९६६

चि. विमला,

तुझी तार मिळाली. इस्पितळाच्या पत्त्यावरची दुसरी तारही माझ्याच टेबलावर आली. ती मी आवक क्रमांक घालून समितीच्या फायलीत लावली आहे, १० डिसेंबरला वाचली जाईल.

तू त्या आयेच्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या मामाला खोटं पाडतेस. बिल्ले काळे झाले असतील तर टपालात उन्हाने झाले असतील, नाहीतर तुमच्याच कुणी निष्काळजी माणसाने उजेडात उघडले असतील. तुमचं काम आम्हाला ठाऊक आहे. चार अक्षरी तारेवर मी सरकारी सील फोडू? आणि बाळंतपणाला आलेल्या मुलीला भरल्या घरातून शेजाऱ्यांच्या दारी नेऊन बसवू? लोक काय म्हणतील ते तुझ्या प्रयोगशाळेत मोजता येत नाही.

तार सरोजाला दाखवली नाही. तिला उगाच घाबरवायचं नाही. तिला रोज सकाळी थोडं मळमळतं, ते या दिवसांत व्हायचंच.

पुढचं पत्र क्षमा मागणारं असावं.

अप्पाजी


मैलापूर
१ डिसेंबर १९६६

चि. विमला हिला कृष्णवेणीमामीचा आशीर्वाद.

माझं अक्षर वाकडं आहे, समजून घे. तीस वर्षांत माझ्यावर पत्र लिहायची वेळ आली नाही. या घरात लिहायचं काम एकाच माणसाचं.

तुझं पत्र मंगळवारी दहा वाजता आलं, हे कचेरीत गेल्यावर. मी वाचलं, सरोजाला उठवलं आणि समोरच्या विद्युलताबाईंकडे नेऊन बसवलं. तार चार दिवसांपूर्वी आली होती हे मला तुझ्या पत्रातून कळलं. चार दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून रसमभात जेवत होता आणि सरोजाला म्हणत होता, उशाशी देव आहे, नीट झोप.

राजसबाई एग्मोर स्टेशनाच्या मागे राहते. विद्युलताबाईंच्या यजमानांना पाठवून तिला आणवलं. मला वाटलं होतं, येणार नाही. मी तिच्या जागी असते तर आले नसते. ती दारात उभी राहून पहिलं बोलली ते हे: "मुलगी कुठं आहे अम्मा?" मी समोरचं घर दाखवलं. "तिकडं नोको ठेवूं, आणखी लांब न्या." मग कोळशाचा लांब चिमटा मागितला.

तेवढ्यात हे आले. कुणीतरी कचेरीत सांगितलं असणार. राजसबाई उंबऱ्यावर, हातात चिमटा, आणि हे कपाटाला पाठ लावून उभे. काय म्हणाले ऐकतेस? "देव्हाऱ्याला शिवायचं नाही. आणि सीलाला हात लावलास तर तुझी नोकरी कायमची गेली समज." ती म्हणाली, "नोकरी तुम्ही घेतलीतच कीं. आतां सरका." हे सरकले नाहीत. मग मी सरकवलं. तीस वर्षांत यांच्या अंगाला मी असा हात लावला नव्हता. केवढं हलकं माणूस आहे, ते मला तेव्हा कळलं.

तिने हात लांब धरून चिमट्याने डबी उचलली, तोंड वळवून परसात नेली, टोकाच्या उखळात टाकली आणि वर पाटा ठेवला. आम्हाला सगळ्यांना घराबाहेर काढलं. ती मात्र तिथेच फाटकाशी उभी राहिली, कुणी आत जाऊ नये म्हणून. विद्युलताबाईंच्या यजमानांनी निरोप दिला; इस्पितळाचे डॉक्टर शिशाचं भांडं आणि ते सोन्याच्या पानाचं यंत्र घेऊन आले तोवर चार वाजले. यंत्राचं पान डॉक्टर फाटकातून आत येतायेताच मिटलं. त्यांनी चिमट्यांनी सीलं फोडली. आत निळा रेशमी दोरा ओवलेली सुई होती. तपकीर कणभरही नव्हती.

डॉक्टरांनी यांना विचारलं, तीन आठवड्यांहून जास्त ही देवापुढे का ठेवलीत? हे म्हणाले, कुलूप तिथेच होतं. डॉक्टर हसले. मला तसं हसू आलं नाही.

सरोजाला तपासलं. म्हणाले, आता सांगता येत नाही, मूल होऊ दे, वाट बघा. ती माझ्याशी बोलते, बापाशी बोलत नाही. मी दोघांशीही जेवढ्यास तेवढं बोलते. तुझं गणित तू कर आणि खरं काय ते मलाच लिही. यांच्या हातात पडेल असं काही लिहू नकोस.

तुझी मामी


मैलापूर
२० फेब्रुवारी १९६७

विमला,

आशीर्वाद द्यावे की नाही, कळत नाही. तुला हवे असतील तर आहेत असं समज.

सरोजाला १८ जानेवारीला मुलगी झाली. हात, पाय, डोळे सगळं ठीक आहे. रडते जोरात. बारशाला मला पाटावर बसायला कुणी बोलावलं नाही, मी मागे उभा होतो. तुझ्या मामीने कानात नाव सांगितलं, प्रमोदिनी.

समिती बसली. चांगली दोन तास बसली, कॉफी दोनदा झाली. निकाल तुला सांगतो, कारण तुझ्या हसण्याला तो लायक आहे. सुई कचेरीच्या दक्षतेमुळे सुरक्षित राहिली आणि परत मिळाली, असं ठरलं. वादळात रजिस्टरं वाचवल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र दिलं. राजसबाईला कामावर घेतलं, वस्तू योग्य भांड्यात न ठेवल्याबद्दल सक्त ताकीद देऊन. ती ताकीद टाइप करायला माझ्याचकडे आली. अठ्ठावीस वर्षं मी असलेच कागद टाइप केले आणि त्यांना कामकाज म्हणत आलो.

मी वेगळा कागद लिहिला. डबी मला दिली होती, काय आहे ते तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, तार दडपली, बिल्ले कधीच कुणाला लावू दिले नाहीत, असं सगळं सहीनिशी लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अप्पाजी, आता हे उकरून काय करायचं? फाइल बंद झाली." मग घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. असली माणसं मीच घडवली, तक्रार कुणाकडे करू? तो कागद आज तुला पाठवतो आहे. तुमच्याकडे कुणी वाचणारं असेल तर वाचू दे. नोकरी जायची असेल तर जाऊ दे.

राजसबाईच्या घरी गेलो होतो. तिने आत बोलावलं, खाली बसायला चटई दिली. क्षमा मागायला तोंड उघडलं तर तिनेच आधी विचारलं, "पोर दूध पीत्ये कां नीट?" मी हो म्हटलं. मग उठून आलो. तिला आता रेडियम वॉर्डातून काढून औषधालयात बसवलं आहे. बोटं बरी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू मामीला पाठवलेलं जानेवारीतलं पत्र मी वाचलं. चोरून वाचलं, कबूल करतो. त्यात तू लिहिलंस की मूल जन्मतः चांगलं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, बहुतेक काही होणार नाही, पण अशा गोष्टी रक्तात उमटायला दहा वर्षंही लागतात आणि वीसही.

मला बावन्न पुरी झाली. आमच्या घराण्यात पुरुष साठीच्या पुढे गेलेला मला आठवत नाही. रोज सकाळी ती माझ्या बोटाला धरते, कारण तिला अजून काही कळत नाही. तिला कळायला लागेल तेव्हा सरोजा सांगेल. ते व्हायचंच आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

पण तिला काही झालं नाही, हे मला कधी कळणार? वीस वर्षं असतील तर तसं स्पष्ट लिही. मी तेवढा जगणार नाही.

अप्पाजी